गाव करी ते राव न करी : मोबाईलवरचे मत आणि आपली ग्रामसभा



नोकरीनिमित्त खेडोपाडी हिंडताना अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी पडतो. पारावर, दूध संकलन केंद्रावर, बाजार समितीच्या आवारात, कुठेही चार तरुण जमले की तो निघतोच. ही मुले म्हणतात, "मोबाईलवरून पैसे पाठवता येतात, सातबारा काढता येतो, पीक पाहणी नोंदवता येते. मग कायद्यावर मत का देता येऊ नये? आमदार-खासदार निवडून पाच वर्षे त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे कशाला? प्रत्येक प्रश्नावर जनतेनेच बटण दाबावे आणि निर्णय करावा."

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जगात बरीच विचारी माणसे त्याच्यावर डोके चालवीत आहेत. कुणी म्हणते, प्रत्येक कायदा सर्वांच्या मताला टाकावा. कुणी म्हणते, ज्या विषयातले आपल्याला कळत नाही त्या विषयापुरते आपले मत एखाद्या जाणत्या माणसाकडे सोपवावे आणि तो चुकतो असे वाटले तर त्याच दिवशी परत घ्यावे. नांगरटीला बैल उसने द्यावेत आणि नीट वापरले नाहीत तर दावे धरून घरी आणावेत, तशातला हा प्रकार. ऐकायला गोड आहे. पण बियाणे नवे असले म्हणजे आपण ते एकदम सगळ्या रानात पेरीत नाही. आधी एका वाफ्यात लावून बघतो. या विचाराचेही तसेच करू या.

थेट मत आपल्याला नवे नाही

लोकांनी स्वतःच एखाद्या प्रश्नाचा निकाल लावल्याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित म्हणून वेगळा ठेवायचा, हे ठरविण्यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी तिथे जनमत कौल झाला. विलीनीकरणाला फुलाची खूण आणि वेगळे राहण्याला दोन पानांची. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला होता. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. ज्यांना तो निकाल कडू लागला त्यांनीही तो मानला.

तो का मानला गेला, हे पाहण्यासारखे आहे. प्रश्न एकच होता आणि सर्वांना समजणारा होता. त्याच्यावर गावोगाव सभा झाल्या होत्या, दोन्ही बाजू लोकांनी कान भरून ऐकल्या होत्या. मतदान गुप्त होते. सत्तेवरची माणसे बाजूला झाली होती. इतक्या गोष्टी जुळून आल्या तेव्हा थेट मताला वजन आले. नुसती मतपेटी ठेवली असती तर ते आले नसते.

स्वित्झर्लंडमधला गायीच्या शिंगांचा प्रश्न

थेट लोकशाहीचे सर्वांत मोठे घर म्हणजे युरोपातला स्वित्झर्लंड हा लहानसा देश. तिथे लोक एरवी वर्षातून चार वेळा देशपातळीच्या प्रश्नांवर मत देतात. राज्यघटनेत बदल मागायचा तर अठरा महिन्यांत एक लाख सह्या जमवायच्या. संसदेने केलेला कायदा अडवायचा तर शंभर दिवसांत पन्नास हजार सह्या आणायच्या. मग तो प्रश्न देशापुढे मताला जातो.

आपल्यासारख्या शेतकऱ्यांना गंमत वाटेल असे एक मतदान २५ नोव्हेंबर २०१८ रोजी झाले. डोंगरातल्या एका शेतकऱ्याचे म्हणणे असे की, गायीची शिंगे डागून काढणे ही क्रूरता आहे, तेव्हा शिंगे राखणाऱ्या पशुपालकाला सरकारने अनुदान द्यावे. त्याने सह्या जमविल्या आणि सगळ्या देशाने गायीच्या शिंगांवर मत दिले. मागणी नामंजूर झाली, सुमारे ५५ टक्के लोक विरुद्ध गेले. पण एका साध्या शेतकऱ्याचा प्रश्न साऱ्या देशाने ऐकून घेतला, हे थोडे नव्हे. पुढे १३ जून २०२१ रोजी कृत्रिम कीटकनाशकांवर बंदी घालावी की नाही यावर मतदान झाले. तीही मागणी फेटाळली गेली. शेतकऱ्यांनी गावोगाव फलक लावून आपली बाजू मांडली होती.

आता याच नाण्याची दुसरी बाजू. भगिनींनी ही मुद्दाम वाचावी. त्याच स्वित्झर्लंडमध्ये देशपातळीवर मत देण्याचा हक्क बायकांना १९७१ साली मिळाला. आपल्याकडे तो पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनच आहे. तिथे उशीर का झाला? कारण बायकांना मत द्यायचे की नाही हे ठरविणारे मतदार सगळे पुरुषच होते, आणि ते वर्षानुवर्षे 'नाही' म्हणत राहिले. आपेनझेल नावाच्या एका भागात तर पुरुष मंडळी चौकात जमून हात वर करून निर्णय करीत. तिथल्या बायकांना स्थानिक कारभारात मत मिळाले ते १९९० साली, आणि तेही न्यायालयाच्या आदेशाने.

बोध असा की, बहुमत म्हणजे न्याय असे समीकरण नाही. गावाच्या एका टोकाला पंधरा घरांची वस्ती असेल आणि पाण्याची टाकी कुठे बांधायची हे फक्त डोकी मोजून ठरवायचे असेल, तर त्या पंधरा घरांच्या घागरी रिकाम्याच राहतील. म्हणून राज्यघटना लागते, न्यायालय लागते, राखीव जागा लागतात. बटणाच्या वर ही कुंपणे हवीतच.

मोबाईल कुठे अडतो

यंत्राचे म्हणाल तर एस्टोनिया नावाच्या देशात २००५ पासून इंटरनेटवरून मतदान होते. २०२३ च्या संसद निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते तशी पडली. मात्र ती मते प्रतिनिधी निवडण्यासाठी होती, प्रतिनिधींना घरी बसविण्यासाठी नव्हती. घरात कुणी दडपण आणले तर काय, याचाही त्यांनी विचार केला आहे. मुदतीत पुन्हा मत देता येते आणि शेवटचे मत धरले जाते. याउलट थेट लोकशाहीत मुरलेल्या स्वित्झर्लंडने २०१९ साली आपले इंटरनेट मतदान थांबविले, कारण तपासणीत त्या व्यवस्थेत दोष सापडले. २०२३ मध्ये ते तीन भागांत मर्यादित प्रमाणावर पुन्हा सुरू झाले. जे लोक घड्याळे बनविण्यात जगात पहिले, ते मताच्या यंत्राबाबत इतके सावध आहेत. मग आपण किती असावे?

आपल्या घरातलेच बघा. मोबाईल कुणाच्या हातात असतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांनीच स्वतः वापरत असलेला मोबाईल असल्याचे सांगितले. खेड्यात हे प्रमाण निम्म्याहून कमी होते. उद्या मत मोबाईलवर गेले तर घरातली चार मते एकाच अंगठ्याने पडतील. मतदान केंद्रातल्या पुठ्ठ्याच्या आडोशाची किंमत तेव्हा कळेल. त्या आडोशामागे सासरा नाही, नवरा नाही, सावकार नाही. बाई आणि तिचे मत, एवढेच.

आपल्या राज्यात गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी 'उभी बाटली, आडवी बाटली' असे मतदान घेतात, तेही गुप्त. त्यात दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण नावांपैकी. म्हणजे जी बाई घरी बसली, तिने न सांगता उभ्या बाटलीला मत दिले.

मताच्या आधी बैठक

आता मुख्य मुद्दा. मत हे शेवटचे काम आहे. पीक जसे एका दिवसात कापले जाते पण चार महिने वाढते, तसा निर्णय एका क्षणात मोजला जातो पण तो आधी पिकावा लागतो.

आपल्या नगर तालुक्यातले हिवरे बाजार घ्या. दुष्काळी पट्टा, पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने हळूहळू कात टाकली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान ही नावे आपण ऐकलेली आहेत. पण मला त्याहून मोठी वाटते ती तिथली पाण्याची ताळेबंद सभा. पाऊस संपला की पर्जन्यमापकातले आकडे आणि विहिरींची पातळी गावापुढे मांडली जाते. माणसांना प्यायला किती, जनावरांना किती, आणि उरलेल्यात कोणती पिके, याचा हिशेब ग्रामसभेत होतो. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळीसारखे पाणी पिणारे पीक करायचे नाही, हे गावाने स्वतःवर घालून घेतले.

हाच प्रश्न मोबाईलवर आला असता तर? 'शेतीसाठी बोअर बंद करावी का? होय की नाही?' ज्याची बोअर चालू आहे त्याने 'नाही' दाबले असते, ज्याची कोरडी गेली त्याने 'होय'. समजा, शंभरात एकावन्न 'होय' निघाले. मग उरलेल्या एकोणपन्नासांपैकी किती जणांनी तो निर्णय मानला असता? रात्री गाडी आणून भोक पाडणारे निघालेच असते. सभेत मात्र शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलावे लागते. फळ्यावर आकडे असतात. ज्याला तोटा होणार तो उठून बोलतो, त्याच्यासाठी काय करायचे हेही तिथेच निघते. असा झालेला ठराव माणूस पाळतो, कारण त्यात त्याचा शब्द गुंतलेला असतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. देवाजी तोफा यांच्या या गावात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने होतो. एखाद्याला पटले नाही तर विषय पुढे ढकलायचा, अभ्यास गटात बसून माहिती घ्यायची, पुन्हा चर्चा करायची. वेळ लागतो. पण याच चिवटपणाने त्यांनी २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ साली बांबू विकण्याचा परवाना स्वतःच्या ग्रामसभेच्या हाती आणला. घोषणा नीट वाचा. दिल्ली-मुंबईचे सरकार त्यांनी नाकारलेले नाही. तिथले काम तिथे, इथले काम इथे, अशी सरळ वाटणी केली आहे.

हातातली भाकरी

आता तुम्ही म्हणाल, ही मोठी गावे झाली, आमच्या हातात काय आहे? बंधूंनो, तुमच्या हातात जे आहे ते शहरातल्या कोणाच्याही हातात नाही.

७३ व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३ पासून) ग्रामसभेला घटनेत जागा दिली. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सभासद. त्याला निवडून यावे लागत नाही. आपल्या राज्याच्या कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्यांच्याआधी महिलांची वेगळी सभा. विकास आराखडा, लाभार्थींची निवड, खर्चाचा हिशेब हे सारे तिच्यापुढे यायला हवे. ग्रामपंचायतीची मुदत संपते, तिच्यावर प्रशासक येतो. ग्रामसभेची मुदत कधी संपत नाही आणि तिला कोणी बरखास्त करू शकत नाही. थेट लोकशाही म्हणतात ती हीच.

मग ती वापरतो कोण? गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांत जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. तितकीही न जमल्यामुळे सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग दहा-पंधरा टाळकी बसतात आणि गावाचे वर्षाचे काम ठरवून मोकळी होतात. नंतर आपण पारावर बसून त्यांच्या नावाने बोटे मोडतो. वरातीमागून घोडे, दुसरे काय?

सहकारात तरी वेगळे काय आहे? याच जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० साली तो सुरू झाला. शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत, हे त्या सहकाराचे तत्त्व. आज आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला किती जण अहवाल वाचून जातात? 'मंजूर, मंजूर' म्हणून नाश्त्याकडे वळणारेच जास्त. जो माणूस वर्षातून एकदा अहवाल उघडीत नाही, तो वर्षाला पन्नास कायदे वाचून मोबाईलवर मत देईल हे कसे मानावे? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

सावेडीकडे पाहा

माझे बिऱ्हाड सावेडीत आहे. एके काळी हे नगरच्या वेशीबाहेरचे गाव. आज ते शहराचे मोठे उपनगर आहे आणि कारभार महापालिकेकडे आहे. रस्ते, दुकाने, दवाखाने सर्व आहे. पण इथल्या माणसाला ग्रामसभा नाही. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, पण शेजाऱ्याला विचारा, तिचे नावही त्याने ऐकलेले नसते. डिसेंबर २०१८ मध्ये निवडलेल्या नगरसेवकांची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली आणि त्यानंतर बराच काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात इथल्या नागरिकाला नगरसेवकही नव्हता आणि सभाही नव्हती. नळाला पाणी आले नाही तर अर्ज करायचा आणि वाट पाहायची.

शहराच्या कडेने असलेल्या ज्या गावांत आज प्लॉट पडत आहेत, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. गावठाणाचे, गायरानाचे, ओढ्या-नाल्यांचे जे प्रश्न सभेत बसून सोडवायचे ते आत्ताच सोडवा. सभा गेल्यावर तिची आठवण काढून उपयोग नाही.

मोबाईलला कामाला लावा

मोबाईलला दूर ठेवा असे मी म्हणत नाही. त्याला गडी म्हणून कामाला लावा, कारभारी करू नका.

१. सभेची नोटीस आणि विषयपत्रिका गावाच्या ग्रुपवर सात दिवस आधी टाकायला लावा. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्यासाठी दवंडी हवीच.

२. ई-ग्रामस्वराज हे केंद्राचे संकेतस्थळ २४ एप्रिल २०२० पासून चालू आहे. आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च त्यावर पाहता येतो. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या पोराला-पोरीला बसवा, हिशेब काढा, कागदावर उतरवा आणि सभेत विचारा.

३. पाथर्डी-शेवगावकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. २६ जानेवारीची सभा भरते तेव्हा ती कोपीवर असतात. त्यांना फोनवरून सभा ऐकता यावी, आपले म्हणणे सांगता यावे. कोरोनाच्या काळात ऑनलाइन सभा घेतल्या गेल्या, त्याचा खरा उपयोग इथे आहे.

४. ठराव झाला तसाच लिहिला जातो ना, हे पाहा. सभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्त तयार करणारी 'सभासार' ही व्यवस्था केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये आणली आहे. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांना तिच्याबद्दल विचारा. यंत्राने लिहिले तरी सही करण्याआधी ते मोठ्याने वाचून घ्या.

५. ग्रुपवर कल जरूर घ्या, निर्णय मात्र सभेत करा. भांडणाचा किंवा भीतीचा विषय असेल तर चिठ्ठी टाकून गुप्त मत घेण्याचा आग्रह धरा.

६. महिला सभा कागदावर भरू देऊ नका. घरातल्या बाईला सभेला जायचे असेल त्या दिवशी धारा पुरुषांनी काढाव्यात. गायी-म्हशी हरकत घेत नाहीत.

मग आमदार-खासदार हवेत की नकोत?

हवेत. धरणाचे पाणी सहा तालुक्यांत वाटायचे, राज्याचा अर्थसंकल्प मांडायचा, कांद्याच्या निर्यातीचे धोरण ठरवायचे, ही कामे एका बटणाची नाहीत. त्यांना अभ्यास लागतो, देवाणघेवाण लागते, आणि चुकले तर जाब कोणाला विचारायचा हे ठरलेले असावे लागते. सर्वांनी बटण दाबून घेतलेला निर्णय फसला तर कान कोणाचा धरणार? पण प्रतिनिधी हवा म्हणजे त्याला मोकाट सोडावा असे नाही. ज्या गावाला आपल्या सरपंचाला हिशेब विचारायची सवय आहे, तेच गाव आमदाराला प्रश्न विचारू शकते. ही सवय अंगठ्याने लागत नाही, सभेत उठून उभे राहिल्याने लागते.

पोराबाळांना दटावू नका. त्यांची तळमळ खरी आहे. त्यांना म्हणावे, बाबांनो, तुमचा मोबाईल घेऊन पुढच्या ग्रामसभेला या, हिशेबाचा कागद आणा, एक प्रश्न विचारा. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, या तारखा घरातल्या कॅलेंडरवर आजच लाल शाईने मांडून ठेवा. झेंडावंदन झाल्यावर लगेच घरी परतू नका. त्या दिवशी पेरणी-कापणी तासभर थांबली तर पीक जात नाही, पण गावाची सभा रिकामी राहिली तर वर्ष जाते.